न बुजवलेली खाच

४ नोव्हेंबर, मंगळवार

विमानतळावरच्या खिडकीतल्या माणसाने विचारलं, "येण्याचं कारण?" मी सांगितलं, "एक दार मोजायचं आहे." त्याने माझ्याकडे आणि पासपोर्टावरच्या फोटोकडे दोनदा पाहिलं आणि शिक्का मारला.

बाबांनी हा देश सोडला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. मी इथे याआधी एकदाच आले होते, नऊ वर्षांची असताना, आणि त्या खेपेतला मला फक्त गोवर आठवतो. आता एकोणपन्नासाव्या वर्षी, भूमापन खात्यातून पंधरा दिवसांची रजा काढून, टेप, कोनमापक आणि ओळंबा घेऊन आले आहे. आजोबांच्या घरात आता काकू एकटी राहते. खाली आजोबांचा सुतारकामाचा गाळा होता, तिथे एक जण कपडे धुण्याची यंत्रं दुरुस्त करतो. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.

दार उघडून काकू म्हणाली, "ये गं फूटपट्टी. वाळलीस." बाबांनी ठेवलेलं हे नाव आता जगात तीच एकटी घेते.

जेवायला भात, भाजी, उकडलेले बटाटे. काकूने सामिष सोडलेलं दिसतं, तब्येतीमुळे असेल. भांडी सगळी नवी कोरी, एका पातेल्याच्या बुडावर तर दुकानाची चिठ्ठी तशीच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी एकटीसाठी एवढी खरेदी कशाला, कोण जाणे! म्हातारपणी हौस सुटते ती अशी.

५ नोव्हेंबर, बुधवार

मोजणी झाली. पण आधी पार्श्वभूमी. ही वही कोणी वाचणार नाही, तरी कागद अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

अकरा वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचा होता म्हणून आमच्या शहरातल्या सिनेगॉगचं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराचं, आवार मोजायला गेले. मोजणी तीन दिवसांत संपली, मी मात्र जात राहिले. तिथल्या गुरुजींनी मला तीनदा परत पाठवलं आणि चौथ्यांदा बसायला खुर्ची दिली. नऊ वर्षं शिकले. दोन वर्षांपूर्वी रीतसर ज्यू झाले, आणि त्या दिवसाइतक्या ताठ मानेने मी आयुष्यात कधी चालले नाही.

पण सभासदांच्या रजिस्टरात 'कसे' नावाचा एक रकाना आहे. एकशे एकेचाळीस नावांपुढे 'जन्माने'. माझ्यापुढे 'स्वीकाराने'. रजिस्टर ज्यांच्या ताब्यात असतं त्या चिटणीसबाई माझ्याशी गोड बोलतात, आणि बोलण्याच्या शेवटी एक टाचणी टोचतात: "तुम्हाला नाही ते माहीत असायचं, तुम्ही नंतर आलात ना." मी हसून घेते. घरी येऊन भांडी आपटते.

आता मुद्दा. बाबा शेवटच्या आजारात एकदा म्हणाले होते, "आमच्या दाराच्या चौकटीला एक तिरकी खाच होती. बाहेर पडताना आम्ही सगळी भावंडं तिच्यात बोट घालायचो. का, ते काही माहीत नाही. अण्णा घालायचे म्हणून आम्हीपण." अण्णा म्हणजे आजोबा. मी तेव्हा नुकतीच शिकायला लागले होते, माझे कान टवकारले गेले. कारण ज्यू घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, एक छोटी डबी तिरकी बसवतात. आत चर्मपत्रावर हाताने लिहिलेली वचनं असतात. तिला मेझुझा म्हणतात, आणि येता-जाता तिला बोट लावतात.

आज ती खाच पाहिली. लांबी अकरा सेंटिमीटर दोन मिलिमीटर, रुंदी दोन सेंटिमीटर, खोली तेरा मिलिमीटर. वरचं टोक आतल्या बाजूला कललेलं, कोन बावीस अंश. उजवी बाजू. उंची, चौकटीच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाच्या बरोबर तळाशी. शास्त्रात सांगितली आहे तशी, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही! खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजली. आणखी एक गोष्ट: चौकटीवर निळ्या तेलरंगाचे निदान पाच हात आहेत, पण खाचेत नुसतं लाकूड, बोटांनी घासून गुळगुळीत झालेलं. म्हणजे दर रंगकामात कोणीतरी ती सोडायला लावली आहे.

सोबत आणलेला मेझुझा तिच्यात धरून पाहिला. चपखल बसला. मी जिन्यातच बसून रडले.

काकू मागे उभी होती. म्हणाली, "मिस्त्रींना विचार ना. तुझ्या आजोबांच्या हाताखाली काम शिकलेत ते. दोन गल्ल्या सोडून राहतात."

नव्वदीला टेकलेल्या माणसाला काय आठवणार? माझ्याकडे आकडे आहेत.

९ नोव्हेंबर, रविवार

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी तारे दिसेपर्यंत शब्बाथ, त्यात मी लिहीत नाही, फोन उचलत नाही, शेगडी पेटवत नाही, दिव्याचं बटणसुद्धा दाबत नाही. म्हणून दोन दिवसांचं आज.

शुक्रवारी दुपारपासून काकूने लकडा लावला होता. "आंघोळ उरकलीस का? काय ते शिजवायचं ते आत्ताच सांग. फोनला चार्जिंग लाव." इतकी घाई कसली, कळेना. मी आपली टिपणं काढत बसले आणि न्हाणीघरातला दिवा लावून ठेवायचं साफ विसरले. आता अंधारात चाचपडायचं, असं मनात म्हणत गेले तर दिवा चालू. काकू बंद करायला विसरली होती. शनिवारी संध्याकाळपर्यंत तो जळत होता, आणि स्वयंपाकघरात शेगडीवर भाताचं पातेलं एका तव्यावर मंद आचेवर तसंच. मला फायदाच झाला, पण काळजी वाटली. एकटी राहते, विसरभोळी होत चालली आहे. गॅस असा चालू ठेवणं बरं नाही. जाण्याआधी सांगायला हवं.

अजून एक खुपतं ते लिहूनच टाकते. बाबा गेल्यापासून काकू मला दर शनिवारी सकाळी फोन करायची. कधी चुकवला नाही. मी ज्यू झाल्याचं तिला फोनवर सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. पुढच्या शनिवारी फोन आला नाही. मग रविवारी यायला लागला. शनिवार तिने माझ्याकडून काढून घेतला. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

कळवून टाकलं! खाचेचे चार फोटो, मापं आणि खाली एक ओळ: "माझे आजोबा ज्यू होते. मी आले नाही, परतले आहे." सिनेगॉगच्या ग्रुपवर अभिनंदनाचा नुसता पाऊस. गुरुजींनी फक्त लिहिलं, "फोटो पाहिले. लाकूड सुंदर आहे." चिटणीसबाईंचं शेवटी आलं: "अभिनंदन. नोंदीचं बघू." बघू काय, आमच्या सिनेगॉगात वडिलांकडचं नातंही धरतात, बदलावीच लागेल! 'जन्माने' हा शब्द त्यांच्याच हस्ताक्षरात लिहिलेला मला बघायचा आहे.

धावत काकूकडे गेले. ती डाळ निवडत बसली होती. म्हटलं, "काकू, आपण ज्यू होतो!"

"तू आहेसच की."

"मी एकटी नाही गं. सगळे. अण्णा, बाबा, काका. आपलं घराणंच."

तिने ताटातले दोन खडे काढले, तिसरा काढला. "मग मी कोण?"

"तू लग्न होऊन आलीस, तुझी गोष्ट वेगळी."

ती उठून आत गेली. रात्रीची भाजी खारट झाली होती. एवढी मोठी बातमी, आणि घरातल्या एकुलत्या एक माणसाला तिचं काडीचं कौतुक नाही, याचं वाईट वाटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

न्हाणीघराचं दार अडकतं म्हणून काकूने मिस्त्रींना बोलावलं. मला तर ते दार कधी अडकलेलं दिसलं नाही. शहाऐंशीचे आहेत, पाठीत वाकलेले, पण जिना कठड्याला हात न लावता चढले. वर येताच त्यांनी पहिली गोष्ट काय केली, तर चौकटीतल्या खाचेत बोट घातलं. मी म्हटलं, वा! साक्षीदार चालत आला.

"मिस्त्री, ही खाच कशाची, आठवतं का?"

"न आठवायला काय झालं? अण्णांनी पाडली तेव्हा दिवा मी धरला होता. घड्याळजींची चौकट ना ही."

"कोण घड्याळजी?"

मग ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि सांगितलं. या गल्लीत तेव्हा बारा ज्यू घरं होती. त्यांच्या चौकटी अण्णांकडूनच व्हायच्या, कारण डबीची खाच अण्णांसारखी कोणाला साधत नसे. इतर सुतार डबी वरून खिळ्यांनी ठोकून द्यायचे. अण्णा मात्र आधी त्यांच्या गुरुजींकडे जाऊन नियम विचारून आले होते, उंची किती, कोणती बाजू, कल कुठे. त्यांतल्याच एका घरच्या, कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींनी नव्या घरासाठी चौकट सांगितली. चौकट तयार झाली, आणि त्याच महिन्यात ते सगळं कुटुंब सामान बांधून परदेशी निघून गेलं. बाकीची घरंही एकेक करून गेली.

"चौकट कितीतरी वर्षं गाळ्यात उभी होती. अण्णांनी हे घर बांधलं तेव्हा मी म्हटलं, अण्णा, लाकूड एक नंबर आहे, वापरून टाकू, खाच मी पुट्टी भरून बुजवतो. तर माझ्यावर खेकसले. म्हणाले, जागा त्यांची आहे, आपण कोण बुजवणार? उद्या आले तर?"

"आले?"

"कोण येतंय! पण रंगारी आला की अण्णा स्वतः इथे स्टूल टाकून बसायचे. खाचेत एक थेंब जाऊ द्यायचे नाहीत. निघताना बोट घालायचे, धूळ काढायला. पोरांना वाटलं घरची रीत आहे. मलाही सवय लागली बघा."

धूळ काढायला! मी नुसतं "अच्छा" म्हटलं. मिस्त्रींनी न्हाणीघराचं दार दोनदा उघडून लावून पाहिलं आणि काकूला म्हणाले, "हे तर लोण्यासारखं फिरतंय." काकू म्हणाली, "हो का? मग चहा घ्या."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल उरलेला दिवस पांघरूण घेऊन पडून होते. माप एकही चुकलं नाही आणि निष्कर्ष अख्खा चुकला. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी कनिष्ठांना बजावत आले की शेजारच्या चार खुणा पाहिल्याशिवाय हद्द लिहायची नाही. आणि स्वतःच्या वेळेला एक खाच पाहून घराणं लिहून मोकळी झाले. एकशे एकेचाळीस लोकांपुढे.

खोटं सांगणार नाही. सकाळी मनात आलं, की मिस्त्री शहाऐंशीचे आहेत आणि ग्रुपवरचं कोणी इथे तपासायला येणार नाही. गप्प बसले तर 'जन्माने' होऊन जाईल. हा विचार मी पुरती दहा मिनिटं केला. मग काकू चहा घेऊन आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. इतकी वर्षं ओळखते तिला, पण तिचा असा आवाज ऐकला नव्हता.

"एक विचारू? आमच्यात काय कमी होतं गं, म्हणून दुसरे पूर्वज शोधत आलीस?"

"तसं नाही काकू."

"तसंच आहे. तू ज्यू झालीस, मला अभिमान वाटला. आमच्या घरातली मुलगी नऊ वर्षं अभ्यास करते, तीनदा हाकललं तरी दारात उभी राहते, ही काय साधी गोष्ट आहे? सगळ्या गल्लीला सांगितलं मी. आणि आता तू येऊन म्हणतेस की तू केलंसच नाहीस काही, ते रक्तातच होतं. मग त्या नऊ वर्षांचं काय?"

चहा गार झाला तो तसाच प्यायले. मग उठून दाराशी गेले आणि खाचेच्या कडा पुन्हा पाहिल्या, या वेळी टेप न घेता. तळ सपाट, कोपरे धारदार, एकाही जागी पटाशी घसरलेली नाही. जी वस्तू आपली नाही, जिचं वचन आपल्याला वाचताही येत नाही, तिच्यासाठी एका माणसाने इतकी नेटकी जागा केली, आणि मग मरेपर्यंत ती राखली. हे माझे आजोबा. ज्यू नव्हते, सुतार होते. मला त्यांचा अभिमान वाटला. दुसरा शब्द मी शोधत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फेरमोजणीचा अहवाल ग्रुपवर पाठवला. लपवाछपवी नाही. खाच कोणी, कोणासाठी, का केली, कोणी सांगितलं, सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं: "सोमवारचं माझं विधान चुकीचं होतं, ते मागे घेते. माझे आजोबा सुतार होते. रजिस्टरात 'स्वीकाराने' असंच राहू द्यावं."

पाठवलं आणि घड्याळ पाहिलं तर सूर्यास्ताला अकरा मिनिटं. म्हणजे उद्या तारे दिसेपर्यंत कोणाचं उत्तर आलं तरी मी वाचणार नाही. चोवीस तास जिवाला घोर! वेळेचा अंदाज माझ्याइतका कोणाचा चुकत नसेल. वही मिटते. काकू दारातून ओरडते आहे, "फोन ठेव आता."

१६ नोव्हेंबर, रविवार

आधी चिटणीसबाई. त्यांचा संदेश तसाच उतरवते: "मी नोंद बदललीच नव्हती. मोजणीदार आहात, एकदा मोजून थांबणार नाही, असं वाटलं. माझ्या घरचा मेझुझा तीन वर्षं नुसता डिंकाच्या पट्टीवर लटकतोय. आजोबांची पटाशी मिळाली तर घेऊन या. नंतर आलात म्हणून काही बिघडत नाही." टाचणी आहेच, पण या वेळी मी मोठ्याने हसले.

गुरुजींनी लिहिलं: "कोण कसा आला हे विचारणारा रकाना आपल्याकडे मुळात असायलाच नको होता. जुन्या कारकुनाने आखला आणि आम्ही भरत बसलो. चूक आमची. काढून टाकू का?"

मी उत्तर दिलं, "माझ्या ओळीत तरी राहू द्या. मला तो शब्द आवडायला लागला आहे."

काल न्हाणीघरात दिवा पुन्हा चालूच होता. भाताचं पातेलंही तव्यावर. मी ठरवलं, आता काकूशी डॉक्टरांकडे जाण्याबद्दल बोलायचंच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

पटाशी मागितली. काकू म्हणाली, "स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर लाकडी पेटी आहे, बघ. मी भाजी घेऊन येते." खुर्चीवर चढले. पेटीवर जुनी भिंतीवरची कॅलेंडरं गुंडाळून ठेवली होती, काकू त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला याद्या करते. ती हातातून निसटून खाली पसरली.

दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. दर शुक्रवारच्या चौकोनात पेन्सिलीने एक वेळ. सहा-चौदा. सहा-दहा. सहा-पाच. मला आधी वाटलं, औषधाच्या वेळा. मग शेजारचा चौकोन पाहिला. प्रत्येक शनिवारी बारीक अक्षरात: फोन नाही.

पाच-त्रेपन्न, फोन नाही. पाच-पन्नास, फोन नाही. सूर्यास्ताच्या वेळा. माझ्या शहरातल्या, इथल्या नाहीत. पहिली नोंद मी तिला फोनवर सांगितलं, ती "बरं" म्हणाली, त्याच आठवड्यातली. त्यानंतर एकही शुक्रवार सुटलेला नाही. गेल्या वर्षीचं कॅलेंडरही तसंच. या वर्षीच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र या दोन शुक्रवारी वेळ वेगळी, इथली, आणि खाली यादी: दिवा. भात. तवा. फोन चार्जिंग सांगणे. आणि मी यायच्या आदल्या आठवड्यात: नवी भांडी, आपली जुनी तिच्या धर्मात चालत नाहीत. मटण-मासे बंद.

मी विसरभोळी म्हणत होते! डॉक्टरकडे न्यायला निघाले होते!

काकू भाजीची पिशवी घेऊन दारात उभी. मी जमिनीवर, भोवती सगळी कॅलेंडरं. ती म्हणाली, "सापडली का पटाशी?"

"काकू, सांगितलं का नाहीस?"

"त्यात सांगायचं काय? तू मोजणीवाली. म्हटलं, दिसेल तुला कधीतरी."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विमानतळावर लिहिते आहे. पटाशी मोठ्या बॅगेत, आजोबांच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेली.

निघताना काकू म्हणाली, "ती तुझी डबी लावून जा ना खाचेत. इतकी वर्षं जागा ठेवली आहे."

"नाही लावता येत. घरात राहणारं माणूस ज्यू असावं लागतं."

"मग राहायला ये."

ती हे इतकं सहज म्हणाली की मी बॅग खाली ठेवली. निवृत्तीला नऊ वर्षं आहेत, असं सांगितलं. तिने मनातल्या मनात बेरीज केली असावी. म्हणाली, "त्र्याऐंशी. जमेल. रंगाऱ्याला सांगते मी."

बाहेर पडताना मी खाचेत बोट घातलं. धूळ नव्हतीच.

जिन्याच्या तळापाशी पोचल्यावर तिने वरून विचारलं, "रविवारी फोन करू?"

"शनिवारी संध्याकाळी कर ना काकू. तारे दिसले की चालतं."

"ते माहीत आहे मला. तीन दिसावे लागतात. पण तुमच्याकडे ढग असले तर मला इथून काय कळणार? रविवारच बरा."